१ जूनचा वाढदिवस आणि कन्स्ट्रक्टर

मागच्या भागात क्लास आणि ऑब्जेक्ट झाले. क्लास म्हणजे कोरा फॉर्म, ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला फॉर्म. आता हा फॉर्म पहिल्यांदा भरतं कोण, ते बघू.

भीमाशंकरच्या वाटेवर तळेघर लागतं, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला. अशा कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या माणसांना जन्मतारीख विचारा. बरेच जण सांगतील, १ जून. सगळे एकाच दिवशी कसे जन्मले? तसं नाहीये. 'भातलावणीत झाला' एवढं आईला पक्कं आठवायचं. शाळा जूनमध्ये भरायची, रजिस्टरात तारखेचा रकाना रिकामा ठेवता यायचा नाही. मग गुरुजी पोराकडे बघून वय ठरवायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. आपल्या भाषेत ही डिफॉल्ट व्हॅल्यू.

संगणकातही आधी रकाने असेच होते, फक्त गुरुजी नव्हते. सी भाषेत फंक्शनच्या आत स्ट्रक्चर घेतलं आणि भरायचं विसरलात, तर मेमरीत आधीचा जो कचरा असेल तोच तुमचा डेटा. भरणारं फंक्शन आठवणीने बोलवायचं काम प्रोग्रामरचं, आणि प्रोग्रामर विसरतोच.

नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ मध्ये मात्र 'न्यू' म्हटलं की क्लासच्या आतला कोड आपोआप चालायचा. केंब्रिजमध्ये पीएचडी करताना ब्यार्ने स्ट्रूस्ट्रूपने सिम्युला वापरली होती. १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्याने 'सी विथ क्लासेस' सुरू केलं, त्यात हे भरण्याचं फंक्शन आलं. त्याचं नावही आधी 'न्यू'च होतं. पुढे सी प्लस प्लसमध्ये त्याला क्लासचंच नाव मिळालं, आणि आपण त्याला कन्स्ट्रक्टर म्हणू लागलो.

१९९५ मध्ये जावा आली. तिथे तुम्ही कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही तर कंपायलर एक फुकट देतो. वय न सांगितलेला माणूस मग शून्य वर्षांचा. पण एक जरी स्वतः लिहिलात, तर फुकटचा मिळत नाही.

माझ्या मते शून्य परवडलं. शून्य वर्षांचा माणूस दिसला की कुणीतरी विचारेल. १ जूनला कोण विचारतंय? ती खरीच वाटते. सरकारी नोकरीत पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दर ३१ मेला निरोप समारंभांची नुसती रांग. ज्याचं वय गुरुजींनी दोन वर्षं जास्त धरलं, त्याचा दोन वर्षांचा पगार गेला. गुरुजींना दोष देऊ नका हं, 'माहीत नाही' लिहायची सोयच फॉर्मात नव्हती.

आता जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, तारीख खरी मिळते. आणि १ मे २०२४ पासून महाराष्ट्राने कन्स्ट्रक्टरच बदलला म्हणा ना: त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईचं नाव आता सक्तीचं पॅरामीटर. आधी जन्मलेल्यांना ही सक्ती नाही, कारण कन्स्ट्रक्टर एका ऑब्जेक्टसाठी एकदाच चालतो.

पुढच्या भागात डिस्ट्रक्टर. हो, मृत्यूचा दाखलाही त्यातच.