पडद्यावरचे धर्मगुरू : हॉलिवूडच्या सुवर्णयुगातील तीन चित्रपट

अमेरिकन चित्रपटांवर १९३४ ते १९६८ या काळात ज्या आचारसंहितेचा अंमल होता, तिचा मसुदा एका कॅथलिक धर्मगुरूने लिहिला होता, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. येशूसंघाचे फादर डॅनियल लॉर्ड हे त्यांचे नाव. शिकागोत जन्मलेले हे धर्मगुरू सेंट लुईस येथे सोडॅलिटीचे कार्य पाहत आणि ‘द क्वीन्स वर्क’ हे मासिक चालवीत. त्यांना नाटकाची व संगीताची मनापासून आवड होती. सेसिल डी मिल यांच्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ (१९२७) या प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपटाचे ते एक सल्लागार होते. चित्रपटाचा द्वेष करणारा हा माणूस नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

बोलपट आले आणि पडद्यावरील भाषेबद्दल व प्रसंगांबद्दल तक्रारी वाढल्या. चित्रपट व्यवसायाची नियतकालिके काढणारे कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांच्या पुढाकाराने फादर लॉर्ड यांनी संहिता लिहिली आणि ३१ मार्च १९३० रोजी निर्मात्यांच्या संघटनेने ती स्वीकारली. स्वीकारली आणि चार वर्षे धाब्यावर बसवली. मग १९३४ साली ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ची स्थापना झाली. लाखो भाविकांनी अनुचित चित्रपट न पाहण्याची शपथ घेतली. फिलाडेल्फियाचे कार्डिनल डॉगर्टी यांनी तर आपल्या धर्मप्रांतातील लोकांना कोणत्याच चित्रपटाला न जाण्याची आज्ञा केली. तिकीट खिडकीवरची गर्दी ओसरू लागताच निर्माते ताळ्यावर आले. जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थांकडे संहितेची अंमलबजावणी सोपवण्यात आली. प्रमाणपत्राविना चित्रपट प्रदर्शित केल्यास २५ हजार डॉलर दंड ठरला. पोप अकरावे पायस यांनी १९३६ च्या ‘विजिलांती कुरा’ या परिपत्रकात अमेरिकेतील या मोहिमेचे कौतुक केले.

या संहितेत धर्मोपदेशकांविषयी एक कलम होते. धर्मोपदेशकाला पडद्यावर हास्यास्पद पात्र म्हणून किंवा खलपुरुष म्हणून दाखवू नये, असा त्याचा आशय. आम्हा धर्मगुरूंना हे कलम वाचून आनंदच व्हावा. पण ज्याची टिंगल करता येत नाही आणि ज्याच्या हातून मोठी चूकही घडू द्यायची नाही, तो धर्मगुरू पडद्यावर करणार तरी काय? हॉलिवूडने सोपे उत्तर शोधले. त्याला गोड हसायला आणि गायला लावले.

‘गोइंग माय वे’ (१९४४) हा या प्रकारातला सर्वोत्तम चित्रपट. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी, आणि तरुण फादर ओमॅली यांच्या भूमिकेत त्या काळचे लाडके गायक बिंग क्रॉसबी. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर पारितोषिके या चित्रपटाने पटकावली. न्यूयॉर्कमधील एक कर्जबाजारी धर्मग्राम, तेथील थकलेले, हट्टी प्रमुख धर्मगुरू फादर फिट्झगिबन, आणि बिशपांनी गुपचूप कारभार हाती देऊन पाठवलेले फादर ओमॅली, अशी ही कथा आहे. म्हाताऱ्या फादरांना वाटते, हा आपला साहाय्यक. खरी गोष्ट कळते तेव्हा ते भर पावसात घर सोडून निघून जातात आणि पोलीस त्यांना परत आणतात. त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ते पुस्तकांच्या कपाटात लपवलेली बाटली मागतात. दोघे एकेक घोट घेतात आणि तरुण फादर त्यांच्यासाठी आयर्लंडची अंगाई गातात. आजवर अनेक प्रमुख धर्मगुरूंच्या हाताखाली आम्ही काम केले आहे आणि आता आमच्या हाताखाली तरुण फादर येतात. त्यामुळे हा प्रसंग पाहताना आम्हाला दोन्ही बाजूंनी लाजल्यासारखे होते.

तरीही मनात एक शंका उरतेच. मुलांचा गायकवृंद उभा केला आणि एक गाणे विकले गेले की कर्ज फिटावे, इतका हा धर्मग्राम सोपा आहे. फादर ओमॅली यांना कधी भीती वाटत नाही. त्यांची प्रार्थना कधी कोरडी पडत नाही.

‘आय कन्फेस’ (१९५३) या चित्रपटाची जात वेगळी आहे. आल्फ्रेड हिचकॉक लंडनला येशूसंघीयांच्या शाळेत शिकले होते. कॅनडातील क्युबेक शहरात केलर नावाचा चर्चचा सेवक एका वकिलाचा खून करतो आणि फादर लोगन यांच्यापाशी पापनिवेदन करतो. खुनाच्या वेळी केलरने झगा घातलेला असतो, त्यामुळे संशय फादरांवरच येतो. पापनिवेदनाच्या गुप्ततेमुळे त्यांना तोंड उघडता येत नाही. माँटगोमेरी क्लिफ्ट यांनी ही मूक वेदना केवळ डोळ्यांनी दाखवली आहे. कथेच्या आरंभीच्या मसुद्यात धर्मगुरूला अनौरस मूल असून शेवटी त्याला फाशी होते, असे होते. स्टुडिओला ते मानवले नाही. हिचकॉक यांनी पुढे असेही म्हटले की, फादर गप्प का राहतात हे कॅथलिकांना उमगते, पण इतर प्रेक्षकांना ते खरे वाटत नाही. कॅथेकिझमच्या वर्गात मोठ्या मुलांना या साक्रामेंताविषयी सांगताना आम्हाला या चित्रपटाचा जितका उपयोग झाला, तितका पुस्तकातील उताऱ्यांचा झाला नाही.

आता तिसरा, ‘ऑन द वॉटरफ्रंट’ (१९५४). यातील फादर बॅरी कल्पनेतून जन्मलेले नाहीत. न्यूयॉर्कच्या गोदीत त्या काळी ‘शेप-अप’ नावाची पद्धत होती. रोज सकाळी कामगारांनी मुकादमापुढे अर्धवर्तुळात उभे राहायचे आणि तो बोट दाखवील त्यालाच त्या दिवसाचे काम. मजुरीतला हिस्सा परत द्यायची तयारी असलेल्याने कानावर दातकोरणे खोचून तशी खूण करायची. संघटनेचे पुढारीच गुंडांचे साथीदार होते. येशूसंघाचे फादर जॉन कॉरिडन हे मॅनहटनमधील झेवियर कामगार शाळेत १९४६ पासून या लोकांसाठी झटत होते. पत्रकार माल्कम जॉन्सन यांची गोदीतील गुन्हेगारीवरील लेखमाला १९४९ साली पुलित्झर पारितोषिकाला पात्र ठरली. पटकथाकार बड शुल्बर्ग यांनी फादर कॉरिडन यांच्याबरोबर हिंडून ती दुनिया प्रत्यक्ष पाहिली.

चित्रपटातील फादर बॅरी आरंभी कचरतात. जो डॉयल या तरुणाचा खून होतो तेव्हा ते त्याच्या बहिणीला सांगतात की, मी चर्चमध्येच आहे, लागेल तेव्हा ये. ती उलट विचारते की, चर्चमध्ये लपून बसलेला संत कोणी पाहिला आहे का? आमच्या मते संपूर्ण चित्रपट या प्रश्नावर उभा आहे. फादर गोदीत उतरतात. साक्ष द्यायला तयार झालेला डूगन व्हिस्कीच्या खोक्यांखाली चिरडला जातो, तेव्हा जहाजाच्या तळाशी त्याच्या प्रेतापाशी उभे राहून ते प्रवचन करतात. क्रूसावरचे मरण केवळ कालवारीवरच झाले असे नव्हे, ते इथेही घडते आहे, असा त्याचा गाभा. हे विचार फादर कॉरिडन यांच्या गोदीतील भाषणातून घेतले आहेत. वरून गुंड फळे आणि डबे फेकतात, फादरांच्या कपाळातून रक्त येते, पण ते थांबत नाहीत. मग प्रेताबरोबर त्याच फळीवर उभे राहून ते क्रेनने वर येतात. कार्ल माल्डन यांच्या या फादरांना बिअर चालते, सिगारेट चालते आणि एकदा तर ते मार्लन ब्रँडोला ठोसा लगावून खाली पाडतात. तरीही हा माणूस त्या कलमात बसला! खलपुरुष नाही आणि विदूषकही नाही, मात्र भित्रा होता आणि धीट झाला. असे धर्मगुरू दाखवायला संहितेची आडकाठी नव्हतीच. अडचण होती ती फक्त त्यांना ओळखणारा लेखक मिळण्याची.

या चित्रपटावर एक डाग आहे, तोही सांगायला हवा. दिग्दर्शक इलिया कझान यांनी १९५२ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे आपल्या जुन्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे सांगितली होती. साक्ष देणे हेच शौर्य, असे चित्रपट म्हणतो तेव्हा अनेकांना त्यात स्वसमर्थन ऐकू येते. आम्हालाही थोडेसे येते.

चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत ‘ऑन द वॉटरफ्रंट’ आहे, ‘गांधी’ही आहे, पण ‘गोइंग माय वे’ नाही. डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ मात्र आहे, आणि याच चित्रपटाला एके काळी ब्रीन यांच्या कार्यालयाने प्रमाणपत्र नाकारले होते.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील युवकांना आम्ही ‘ऑन द वॉटरफ्रंट’ दाखवला. शेवटी मार खाऊन रक्तबंबाळ झालेला टेरी मलॉय चालत जातो आणि कामगार त्याच्यामागून आत शिरतात. दिवे लागल्यावर एका मुलाने विचारले, “फादर, ते खरे फादर जिंकले का?”

आम्हाला थोडे थांबावे लागले. शेप-अप पद्धत १ डिसेंबर १९५३ रोजी कायद्याने बंद झाली, ते त्यांचे यश. पण जुन्या संघटनेविरुद्ध उभ्या राहिलेल्या नव्या संघटनेला फादर कॉरिडन यांचा पाठिंबा होता आणि मे १९५४ च्या अखेरच्या मतदानात थोड्या मतांनी जुनी संघटनाच जिंकली. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच्या दोन महिने आधीची ही गोष्ट. पुढे १९५७ साली फादर कॉरिडन यांना बंदर सोडून अध्यापनासाठी दुसरीकडे जावे लागले. १९८४ साली ते वारले. हे सारे आम्ही त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, “मग सिनेमात तसे का नाही दाखवले?” त्यावर बाकीच्या मुलांचा वाद जुंपला आणि सभागृहाला कुलूप लावायला आम्हाला रात्रीचे अकरा वाजले.