वऱ्हाडातला प्लेग आणि मांजर

1896 मध्ये मुंबईत उतरलेला प्लेग पुढे वऱ्हाडातही शिरला. खामगावला 1870 पासूनच रेल्वे होती. सरकी आणि धान्याच्या पोत्यांमधून उंदरांनाही फुकटचा प्रवास घडत असे. अशा वेळी अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी डॉक्टराने 1908 च्या सुमारास मांडले, की जिथे घरोघर मांजरे तिथे प्लेग कमी. बुलढाण्यासारख्या कणग्या-बळदांच्या मुलखात हे पटण्याजोगे होते. उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसाकडे वळतात. मुळात उंदीरच कमी असले तर पिसवाही कमी.

यावर आक्षेप असा, की मांजराला स्वतःलाच प्लेग होतो. तो खरा आहे, आणि माझ्या मते निर्णायकही. रोगी उंदीर खाल्लेल्या मांजराला ताप चढतो, जबड्याखालच्या गाठी सुजून पिकतात. फुप्फुसात रोग उतरला तर त्याचा खोकला माणसालाही बाधतो. म्हणजे मांजर साथ येण्याआधीचे राखणदार. साथ आल्यावर तेच रोगी. ब्यूकॅनन यांचा हिशेब पहिल्या अर्ध्यापुरताच बरोबर होता. अमेरिकेत आजही काही माणसांना प्लेग घरच्या मांजराकडूनच होतो.