तोंडाचा चाळा आणि सर्पगंधेची मुळी

मनोविकाराची गोळी वर्षानुवर्षे घेतलेल्या माणसाचे ओठ काही चघळत असल्यासारखे हलू लागतात, जीभ मधूनच बाहेर डोकावते, बोटे उगाच चाळवतात. घरचे म्हणतात, आजार बळावला. शेजारी म्हणतात, बाहेरचे काहीतरी आहे. वैद्यकात या विकाराला टार्डिव्ह डिस्कायनेशिया, म्हणजे उशिराने उगवणाऱ्या हालचाली, असे नाव आहे. त्याच्या उपचारांचा इतिहास एरवी औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मराठवाड्यातल्या परभणीतून पाहिले तर तो रोग्याकडे कोण, कधी आणि किती वेळ पाहते याचा इतिहास दिसतो.

औषधांची कथा मात्र खरोखर रंजक आहे, आणि तिची एक मुळी आपल्याच मातीतली. वेडावर सर्पगंधा देण्याची प्रथा इथे जुनी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. 1952 मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपीन वेगळे काढले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन मनोरुग्णांना देणे सुरू झाले. पाच वर्षांत, 1957 मध्ये, शोनेकर यांनी जर्मनीत तोंडाच्या या चाळ्याची नोंद केली. 1964 मध्ये फाउर्बी यांनी त्याला आजचे नाव दिले. गंमत अशी की मनोविकारावर चालणारे रेसरपीन पुढे याच चाळ्यावरही वापरून पाहिले गेले. ते चेतापेशींतला डोपामिन या संदेशवाहक रसायनाचा साठा रिकामा करते. टेट्राबेनाझीन त्याच वाटेने जाणारे, आणि 2017 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली व्हॅलबेनाझीन व ड्यूटेट्राबेनाझीनही त्याच घराण्यातली.

पण औषध देण्याआधी विकार ओळखावा लागतो, आणि इथे परभणीचा भूगोल आडवा येतो. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला हा जिल्हा 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा राज्याची मोठी मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला होती. मराठवाड्यात त्यांतले एकही नव्हते. रोगी दूर दाखल व्हायचा, परतायचा आणि पुढची वर्षे गंगाखेड-जिंतुराकडच्या घरात काढायचा. 1982 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने आणि पुढे जिल्हा कार्यक्रमाने औषध जवळ आणले, ही मोठीच गोष्ट. मात्र औषध जवळ आले म्हणून नजर जवळ आली असे होत नाही. गोळ्यांची चिठ्ठी नूतनीकरणासारखी पुन्हा लिहिली जाते. कधी नातेवाईकच गोळ्या घेऊन जातात, रोगी समोर येतच नाही. हात थरथरतो म्हणून जोडलेली ट्रायहेक्सिफेनिडिल तशीच चालू राहते. ती पार्किन्सनसारख्या थरथरीला उपयोगी. या चाळ्याला मात्र बहुधा वाढवते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: दोष औषधाचाच कशावरून? मद्रासजवळच्या खेड्यांत मॅक्रिडी आणि थारा यांच्या गटाने केलेल्या, 1996 मध्ये छापलेल्या पाहणीत, कधीच औषध न घेतलेल्या वयस्क स्किझोफ्रेनिया रुग्णांपैकी 38 टक्क्यांत असा चाळा आढळला. औषध घेणाऱ्यांत 41 टक्के. न घेतलेले रुग्ण अवघे 21 होते, तरी आकडा उडवून लावता येत नाही. पण त्यातून गोळीचे निर्दोषत्व सिद्ध होत नाही. पहिली गोळी देण्याआधीची नोंद अपरिहार्य आहे, एवढेच सिद्ध होते. ती नसेल तर दहा वर्षांनी ओठ हलताना दिसले तरी डॉक्टर कशाशी ताडून पाहणार? दुसरा आक्षेप, मनोविकारावरच्या नव्या औषधांनी हा धोका संपला. तो कमी झाला आहे, संपलेला नाही. तिसरा आक्षेप, गोळी थांबवली की झाले. पण ती एकाएकी तोडली तर चाळा उलट उफाळू शकतो आणि मूळ आजारही परततो. डोस हळूहळू उतरवणे, औषध बदलणे किंवा टेट्राबेनाझीन देणे (त्याने खिन्नता येते का, हे बघत) यांतला पर्याय जुनी नोंद समोर असेल तरच नीट निवडता येतो. अशा नोंदीची तपासणी 1976 पासून छापील रूपात आहे. रोग्याला हात नसलेल्या खुर्चीवर बसवायचे, कवळी असेल तर विचारायचे, जीभ बाहेर काढायला लावायची, बोटे अंगठ्याला टेकवायला सांगायची आणि मग चेहरा पाहायचा. वेळ लागतो दहाएक मिनिटे.