शाळेच्या भिंतीवरची रेघ

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. त्याआधी सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळालेली असते. म्हणजे आमच्या दारात येणारं पाणी एका नदीचं कधीच नसतं. कऱ्हाडला मिळालेली कोयनासुद्धा त्यात असते.

माझ्या आज्याच्या वेळी पुराचा आराखडा वगैरे काही नव्हतं. खुणा होत्या. पाणी मळीत शिरलं की कडबा वर न्यायचा. पिंपळाच्या पाराला लागलं की जनावरं माळावर हलवायची. आणि वाडीहून सांगावा आला, की दत्ताची उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या देवळात वर नेली, तर आजा म्हणायचा, "द्येव हालला. आता आपुन कशाची वाट बघायची?" मग म्हातारीकोतारी, बाळंतिणी बैलगाडीत बसायच्या. कुणी सही केली नाही, ठराव केला नाही; पण गाव वेळेत हलायचं.

पुढं धरणं झाली. कोयना, धोम, चांदोली, राधानगरी. उन्हाळ्यात नदीला पाणी राहू लागलं, काळ्या रानात ऊस उभा राहिला, मळीतली गवतं गेली. आम्ही धरणांचं खाल्लं आहे, ते नाकारून चालणार नाही. पण पुराचा स्वभाव बदलला. पूर्वी पाऊस बघून पाण्याचा अंदाज यायचा. आता आमच्याकडे लख्ख ऊन असतानाही पाणी चढतं, कारण वर घाटात पाऊस असतो आणि दरवाजे उचललेले असतात. पाण्याआधी निरोप यायला लागला. पाटबंधारे खात्याकडून तहसीलला, तिथून तलाठ्याकडे, तलाठ्याकडून ग्रामपंचायतीत, आणि तिथून शिपायाच्या गळ्यातल्या हलगीवर. ही साखळी कुठं एका जागी अडली, की गावाची अर्धी रात्र गेली.

2005 च्या पुरानंतर पंचायतीनं शाळेच्या भिंतीवर पाणी लागलं तिथं लाल रंगाची रेघ मारली आणि सन लिहिलं. त्याच वर्षी देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आला आणि पुढं गावोगाव आराखड्याच्या फायली झाल्या. आमची फाईल दर मे महिन्यात निघायची. पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी, दोर, बॅटऱ्या, टीसीएल पावडर, निवाऱ्याची जागा. मी पंचायतीचा मेंबर झालो तेव्हा ती वाचली. पोहणाऱ्यांच्या यादीतले दोघे वारले होते आणि एक पुण्याला कंपनीत होता. आम्ही वरची तारीख बदलली आणि फाईल तालुक्याला पाठवली. तो 2019 चा मे महिना.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढू लागलं. आमच्या गल्लीत कोपऱ्यावर एक आक्का राहतात. एकट्या, एक म्हैस. त्यांनी गाठोडं बांधलेलं होतं. मला बघून म्हणाल्या, "मेंबर, निघू का?"

मी शाळेची रेघ मनात धरून हिशेब केला आणि म्हणालो, "आक्का, 2005 ला तुमच्या उंबऱ्याला पाणी शिवलं नव्हतं. घाई कशाला?"

त्यांनी गाठोडं सोडलं.

2005 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं होतं. 2019 ला ते 57 फुटांच्या पुढं गेलं. कागदावर हा फरक चार फुटांचा. आक्कांच्या घरात तो छातीइतका होता. पहाटे पोरांनी गुऱ्हाळावरची काहील आणली आणि त्यात बसवून त्यांना बाहेर काढलं. म्हैस दाव्यालाच गेली. दावं कापायला विळा सापडला नाही.

त्याच दिवसांत, 8 ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. नावेत पेलण्यापेक्षा जास्त माणसं होती. ती बातमी माळावरच्या छावणीत आली तेव्हा कुणी बोललं नाही. आपली काहीलही उलटली असती, हे प्रत्येकाला कळलं होतं.

पाणी ओसरल्यावर ग्रामसभा झाली. पंचनामे, सानुग्रह अनुदान, कुणाचं नाव राहिलं, यावर दोन तास गेले. मग अलमट्टीवर तासभर. तो वाद आमच्याकडे दरवर्षी रंगतो आणि त्याचा निकाल आमच्या पंचायतीच्या हातात नाही. त्यानंतर कुणीतरी म्हणालं, शाळेवर नवी रेघ मारूया. तेव्हा आक्का उठल्या.

"ही रेघ गेल्या येळंची. फुडच्या पुराची रेघ कुठं हाय, त्ये सांगा की."

माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही फाईल पुन्हा लिहिली. आयर्विनला 40 फुटांवर इशारा पातळी, 45 वर धोका. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43. हे आकडे सगळ्यांना पाठ, पण आपल्या गल्लीत त्याचा अर्थ काय, हे कुणी लिहिलं नव्हतं. आयर्विनचा आकडा आमच्या कामाला एकटा पुरत नाही, कारण तिथं वारणा आणि पंचगंगा मिसळलेल्या नसतात. म्हणून जुनी माणसं, तलाठी, शाळेचे गुरुजी बसले आणि दोन्ही आकड्यांसमोर गल्ल्यांची नावं लिहिली. इतकं पाणी, तर खालची आळी रिकामी. इतकं, तर मधली. प्रत्येक घरासमोर एक नाव: तिथल्या म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार. जनावरं माणसांच्या आधी एक दिवस. नावेत किती बसणार, हे नावेवरच रंगवलं.

एक काम मात्र अडलं. पूररेषेत निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू नये, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बंधनं पाळून करावं, असा नियम आहे. ठराव मांडला तेव्हा ज्यांनी सर्वांत जास्त सोसलं, त्यांनीच हात वर केला नाही. जमिनीचा भाव पडेल, पोराला वेगळं घर कुठं बांधू? माळावर जागा मिळालेल्यांनीही तिथं गोठे घातले आणि स्वतः नदीकाठीच राहिले. त्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रान इथं, मोटार इथं, देव इथं.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. आयर्विनला 55 फुटांच्या आसपास. घरं बुडाली, ऊस कुजला. पण खालची आळी उजेडात रिकामी झाली आणि एकही जनावर दाव्याला राहिलं नाही.

आता शाळेच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. मे महिन्याच्या सभेला आक्का पुढं येऊन बसतात. यादी वाचून झाली की विचारतात, "माझ्या नावाम्होरं कुनाचं नाव हाय?"

मी माझं नाव वाचतो. त्या मान हलवतात, आणि पुढचं घर वाचायला सांगतात.