धीर धरणे म्हणजे काय? केडगावच्या मुक्तीची गोष्ट

‘देवावर भरवसा ठेवा, धीर धरा.’ ख्रिस्ती घरांत हे शब्द रोज कानी पडतात. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात मात्र या शब्दांना विहिरीची, फळबागेची आणि छापखान्याच्या शाईची जोड आहे.

१८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण अल्पावधीत गेली. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे हे कुटुंब. भीक मागणे किंवा हलकी मानलेली कामे करणे अभिमानाला मानवेना, म्हणून उपास घडले, असे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या त्यांच्या भरवशात हातांना काम नाही, असा प्रसंग सापडत नाही. या दोन गोष्टींचा संबंध नसेल, असे मानणे कठीण आहे.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, ते बॉस्टनमधील संस्थेने दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीच्या हमीवर. मुदत संपल्यावर काय? रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली. संस्था पुढेमागे स्वतःच्या उत्पन्नावर चालावी, हा हेतू. कलम लावून बहराची वाट पाहणे, हाही धीरच.

पण आधी दुष्काळ आला. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुक्काम केडगावच्या शेतावर. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर हा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. ठरावीक उत्पन्न नव्हते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरांच्या अनाथालयाप्रमाणे येथेही गरजा प्रार्थनेत मांडल्या जात. अर्थात ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे पत्रक परदेशी वाचकांपर्यंत जात असे. तेव्हा ‘कोणाकडे मागितले नाही’ हे विधान जपूनच वाचावे. शिवाय प्रार्थनेनंतर कोणी हात जोडून बसत नसे. विणकाम, तेलघाणा, शेती, दुभती जनावरे: प्रत्येकीला काम होते.

सर्वांत लांबलेला धीर बायबलच्या भाषांतराचा. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आणि खेड्यातल्या बाईला अवघड, असे रमाबाईंचे मत होते. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तिने सोप्या मराठीचा आग्रह धरावा, हे विशेष. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. काम वर्षानुवर्षे चालले; ऐकू येणे कमी होत गेले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आणि मुक्तीची धुरा जिच्या खांद्यावर द्यायची तीच. मुद्रिते तपासणे थांबले नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. शेवटचे मुद्रित हातावेगळे होईपर्यंत आयुष्य मागून घेतले, अशी भाविक आठवण सांगितली जाते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले, मुक्तीच्याच छापखान्यातून. त्याचे खिळे जुळवणाऱ्या स्त्रिया या आश्रमातच अक्षरओळख झालेल्या होत्या.