जावरचे जस्त आणि मराठ्यांची खंडणी

कर्नल जेम्स टॉडने १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या राजस्थानच्या इतिहासात, मेवाडच्या महसुलाची चर्चा करताना, एक त्रोटक नोंद आहे. विक्रम संवत १८१६ मध्ये, म्हणजे इ. स. १७५९-६० च्या सुमारास, जावरच्या खाणींचे उत्पन्न २,२२,००० रुपये झाले. टॉड तिथल्या धातूला कथील म्हणतो, ती त्याची चूक आहे. उदयपूरच्या दक्षिणेला असलेल्या या डोंगरांत सापडते ते जस्त आणि शिसे.

याच ग्रंथात दुसरा आकडा आहे. १७३६ मध्ये बाजीराव उदयपूरला गेले, तेव्हा महाराणा जगतसिंहाने वर्षाला १,६०,००० रुपये खंडणी कबूल केली आणि तिचे शिंदे, होळकर व पवार असे तीन सारखे वाटे ठरले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मेवाडात अजूनही ऐकू येणारी ‘मराठे आले आणि खाणी बुडाल्या’ ही गोष्ट डळमळते. खंडणी ठरून तेवीस वर्षे उलटल्यावरही एकट्या जावरचे उत्पन्न तिच्याहून ६२,००० रुपयांनी जास्त होते.

हे उत्पन्न कशातून येत होते ते १९८३ पासूनच्या उत्खननांनी दाखवले. ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून ते काम केले. एका रांगेत सात भट्ट्या आणि प्रत्येक भट्टीत वांग्याच्या आकाराच्या छत्तीस मुशी, तोंड खाली करून बसवलेल्या. मूस उलटी केल्यावर आतला माल सांडू नये म्हणून तिच्या नळीत एक काडी खोचत. आच लागली की काडी जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. जस्त ९०७ अंशांवरच उकळते, म्हणून उघड्या भट्टीत ते धुरासारखे उडून जाते. इथे ती वाफ छिद्रांच्या जाळीतून खालच्या थंड कप्प्यात उतरून गोठे. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या संस्कृत ग्रंथात हीच कृती आहे. वांग्याच्या घाटाची मूस तर आहेच, शिवाय ज्योत निळ्याची पांढरी झाली की काय करायचे तेही सांगितले आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ १८९० मध्ये छापला. इंग्लंडात मात्र विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये.

मूस एकदाच वापरता येई. जळक्या मुशींचे ढीग जावरभर पसरले आणि लोकांनी त्याच मुशी विटांसारख्या रचून घरांच्या भिंती उभ्या केल्या. भट्टीला रात्रंदिवस लाकूड आणि कोळसा लागे, तो याच डोंगरांतला. खनिज भाजताना निघणारा गंधकाचा धूर आणि शिसे मिसळलेली राख यांचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. तो फक्त मातीत आहे.

१७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. टॉडच्या म्हणण्याप्रमाणे तडजोड साडेत्रेसष्ट लाखांवर झाली. तेहेतीस लाख रोख आणि दागिन्यांत वसूल झाले, बाकीसाठी जावद, जीरण, नीमच व मोरवण हे परगणे गहाण पडले. टॉडला मराठ्यांविषयी प्रेम नव्हते, हे ध्यानात ठेवूनच हा आकडा वाचावा. मात्र तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीकडे पाठवलेल्या इंग्रज वकिलाच्या पथकात होता आणि १८०६ मध्ये त्या पथकाबरोबर मेवाडात आला. उजाड गावे त्याने स्वतः पाहिली होती.

खाणी कधी बंद पडल्या याची साक्ष कॅप्टन ब्रूकची. १८५० साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जावरवर लिहिताना तो १८१२-१३ च्या दुष्काळाकडे बोट दाखवतो. त्यामुळे माझा निष्कर्ष असा : १७३६ च्या खंडणीने खाण मोडली नाही, १७६९ नंतरच्या लुटीने राज्य पोखरले आणि पोखरलेल्या राज्याला दुष्काळ पेलला नाही. पुढे शांतता आली, पण १८२० च्या दशकात युरोपचे स्वस्त जस्त हिंदुस्थानच्या बाजारात उतरू लागले होते. मग जावरची भट्टी कोण पेटवणार?

नंतर धातू गाळण्याचे काम जवळच देबारीला सुरू झाले. हिंदुस्थान झिंक १९६६ मध्ये सरकारी कंपनी म्हणून स्थापन झाली आणि १९६८ मध्ये तिथला कारखाना वर्षाला १८,००० टन क्षमतेने चालू झाला. मुशी गेल्या आणि विजेचे हौद आले. ढिगांच्या जागी आता जॅरोसाइट नावाचा पिवळसर चिखल साठतो. त्यात जस्ताबरोबर शिसे आणि कॅडमियमही असते, म्हणून तो धोकादायक कचऱ्यात मोडतो.

या सगळ्या कथेत मराठी बाजूचा कागद मात्र नाही. टॉडही इंग्रज, ब्रूकही इंग्रज. मेवाडचा वसूल पुढे ज्यांच्याकडे जमा होई त्या शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरला कायमची बसली आणि तिचे ‘लष्कर’ हे शहर झाले. त्या लष्करात, तिथल्या दाना ओली या वस्तीत किंवा आसपासच्या जुन्या मराठी घरांत, मोडी रुमाल असतील तर ते रद्दीत घालण्याआधी मोडी वाचणाऱ्याला दाखवावेत. उदयपूर, नीमच, जावद ही नावे आढळली तर विशेष जपावेत.