मोठ्या आगीआधीची लहान आग : परळीच्या बॉयलरपासून घरी बनवलेल्या गॅस बर्नरपर्यंत (थ्रेड)

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. तिथे कोळसा जळतो हे सर्वांना ठाऊक असते. तो पेटवला कसा जातो, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. थंड बॉयलरमध्ये कोळशाची भुकटी सोडून काडी लावली तर काहीच साधत नाही. आधी तेलाचे बर्नर पेटवावे लागतात. त्यांनी भट्टी पुरेशी तापली की मग कोळसा आत फुंकला जातो, आणि त्याची ज्वाळा स्थिरावल्यावर तेल बंद होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे पाणी संपले आणि हे केंद्र बंद ठेवावे लागले. पुन्हा सुरू करताना तेलापासूनच आरंभ करणे भाग असते.

हा नियम परळीपुरता नाही. लाकूड, गोवरी, कोळसा ही घन इंधने थेट पेटत नाहीत. तापून त्यांतून वायू बाहेर पडतो, आणि ज्वाळा धरतो तो हा वायू. म्हणून प्रत्येक मोठ्या आगीच्या आधी एक लहान, चपळ आग लागते. चुलीचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. या लहान आगीकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक माणसाचे कष्ट आणि धोका यांचा मोठा वाटा तिच्याच पदरी पडला आहे.

जुने साधन म्हणजे चकमक. गारगोटीवर पोलादाचा घाव, ठिणगी, आणि ती झेलणारा कापूस. शब्द मूळ तुर्की; त्या भाषेत त्याचा अर्थच घाव घालणे, ठिणगी पाडणे असा आहे. मराठीत तो पुढे लहान लढाईलाही लागला, हे सैन्यात रमणाऱ्या भाषेला शोभेसेच झाले. तोडेदार बंदुकीचा ‘तोडा’ ही दुसरी लहान आग : सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती भडकत नाही, विझतही नाही, नुसती धुमसत राहते. १० ऑगस्ट १७६३ रोजी आजच्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे गोदाकाठी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे मारला गेला. ती लढाई ऐन पावसाळ्यातली. ज्या काळात तोफ बत्तीवाचून आणि तोडेदार बंदूक तोड्यावाचून उडत नसे, त्या काळात श्रावणसरींत विस्तव जिवंत ठेवणे हेही शिपायाचे एक कामच होते.

घरात हे काम बायकांचे. रात्री निजण्यापूर्वी निखारा राखेत पुरून ठेवायचा, पहाटे राख सारून त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचे तुकडे रचायचे आणि फुंकणीने फुंकायचे. मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात तूर आणि कापूस निघाल्यावर उरणारी ही काटकी म्हणजे गावाचे सरपण. निखारा विझलाच तर शेजारणीकडे विस्तव मागायला जावे लागे. पुढे काडेपेटी आली. स्वीडिश भांडवलावर १९२३ मध्ये स्थापन झालेल्या ‘विमको’चा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. ठिणगीचा प्रश्न सुटला, पण फुंकणी काही सुटली नाही. काडी क्षणभर जळते. ओल्या सरपणाला त्याहून कितीतरी अधिक वेळ आच लागते. ती उणीव रॉकेलने भरून काढली.

इथे थोडे युरोपात जावे लागेल. १८५५ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांना प्रयोगशाळेसाठी काजळी न धरणारी, जवळजवळ रंगहीन ज्वाळा हवी होती. त्यांच्या कल्पनेवरून पीटर डेसागा या कारागिराने बर्नर घडवला. बारीक छिद्रातून वेगाने निघणारा वायू नळीच्या बुडाशी असलेल्या भोकांतून हवा आत ओढतो, दोन्ही नळीतच मिसळतात आणि मग तोंडाशी जळतात. गॅसची ज्वाळा तेव्हा नवी नव्हती. नवे होते ते हवेचे भोक. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, पण त्यांना पिवळा उजेड हवा होता. बुन्सेनची निळी ज्वाळा उजेडाच्या कामाची नाही, ती उष्णतेच्या कामाची.

हेच तत्त्व स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये रॉकेलला लावले आणि ‘प्रायमस’ स्टोव्ह जन्मला. पंपाने दाब दिलेले रॉकेल तापलेल्या नळीतून जाताना वायूरूप होते आणि पिनेच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुसाट बाहेर पडते. पण नळी तापलेली असेल तरच! म्हणजे इथेही आधी लहान आग हवीच. तिच्यासाठी मराठी घरांत स्पिरिटमध्ये बुडवलेला ‘काकडा’ बर्नरच्या मानेला लावला जाई. देवळातल्या पहाटेच्या आरतीचा शब्द स्वयंपाकघरात असा स्थिरावला. नळी पुरती तापण्याआधी पंप मारला, तर वायूऐवजी द्रव रॉकेल उसळे आणि भडका उडे.

‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ या धर्तीची बातमी मराठी वाचकांच्या काही पिढ्यांनी वाचली आहे. त्यांतले काही खरोखर अपघात होते. पण भाजणारी व्यक्ती वारंवार घरातली सूनच का, असा प्रश्न स्त्री-चळवळीने विचारला. त्यानंतरच्या काळात १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले, १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब. तंत्रज्ञानाच्या इतिहासात स्टोव्हवर लिहिताना ही पाने गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. यंत्रातला खरा दोष खुनाला आयती सबब पुरवत होता.

प्रोपेनची ओळख त्यानंतरची. १९१० च्या सुमारास अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंचा शोध घेत असता तो हाती लागला. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासे खाली. त्यामुळे टाकीत दाबाखाली द्रव असलेले हे इंधन चावी उघडताच आपसूक वायू होते. काकडा नको, पंप नको. भारतात बर्मा-शेल कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत ते घरोघरी द्यायला सुरुवात केली. थंड प्रदेशात हिवाळ्यात ब्युटेन टाकीतच बसून राहतो, म्हणून तिथे शुद्ध प्रोपेन लागते. आपल्या हवेत दोहोंचे मिश्रण चालून जाते.

घरी बनवलेला बर्नर याच परंपरेतला. दीड-दोन फूट लोखंडी नळी, मागच्या टोकाला मिलिमीटरहून बारीक छिद्राचा पितळी जेट, त्याच्याभोवती हवा शिरायला मोकळी जागा, आणि पुढे किंचित रुंदावलेले तोंड. रुंद तोंडाशी मिश्रणाचा वेग मंदावतो, म्हणून ज्वाळा तिथे टिकते. वेग फारच कमी झाला तर ती उलटी नळीत शिरते. फार वाढला तर सुटून विझते. सारी कारागिरी या दोन टोकांच्या मध्ये आहे. स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचे डांबरी पट्टे चिकटवणाऱ्या कामगारांच्या हाती दिसतो तो या बर्नरचाच कारखान्यात बनलेला भाऊबंद. परदेशी हौशी मंडळी असा बर्नर मांस धुरावण्याच्या भट्ट्या आणि कोळशाच्या शेगड्या पेटवायला वापरतात. दोन-चार मिनिटांत लाकूड धरते आणि बर्नर बाजूला होतो. परळीतही तेच घडते, फक्त मोजमाप वेगळे.

धोका मात्र इथेही आहे. हा वायू हवेहून सुमारे दीडपट जड. गळला तर वर उडून न जाता खड्ड्यात साचतो. जास्त दाबाचा रेग्युलेटर, त्याच दाबाची नळी आणि मोकळी जागा यांवाचून हा खेळ करू नये. घरगुती १४.२ किलोची टाकी तर अशा उद्योगासाठी नाहीच.

बीडमध्ये अशा बर्नरला शोभेल अशी शेगडी कोणती? पौष-माघातली हुरड्याची आगटी. रानात खड्डा, त्यात गोवऱ्या, त्यांचा आर झाला की ज्वारीची कोवळी कणसे त्यात खुपसायची आणि भाजलेली कणसे तळव्यावर चोळायची. जाणती माणसे आगटीला रॉकेल लावू देत नाहीत, कारण त्याचा वास दाण्याला लागतो. रेशनचे रॉकेल आटल्यावर मात्र अनेक चुलींपाशी सरपण धरवायला प्लास्टिक आणि जुन्या टायरचे तुकडे आले, आणि त्यांचा धूर रॉकेलहून वाईट. गॅसची निळी ज्वाळा मागे वास ठेवत नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने टाकी पुष्कळ घरांत पोचवली. पण त्याच हंगामात जिल्ह्यातले हजारो ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात, आणि तिथे पहाटे तीन दगडांच्या चुलीत पाचट घालून फुंकर मारणारी बाईच असते.